एकाच महिन्यातले दोन निकाल

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दोन यंत्रणांनी ईसीजी उपकरणे बनवणारी कंपनी अलाइव्हकोर आणि अ‍ॅपल यांच्या पेटंटच्या वादात परस्परविरोधी निकाल दिले. पेटंटचे मसुदे लिहिणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणारी उपकरणे करू पाहणारे मुंबईतले माझे अशील अजूनही विचारतात की, यातला बरोबर कोणता?

वादातला शोध थोडक्यात असा: घड्याळातला एक संवेदक (सेन्सर) प्रकाशाच्या साहाय्याने नाडी मोजत राहतो, दुसरा हालचाल टिपतो, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी विनाकारण धावू लागली तर घड्याळ त्याला ईसीजी घ्यायला सांगते. दिलेल्या पेटंटांची फेरतपासणी करणाऱ्या पेटंट अपील मंडळापुढे जुने दस्तऐवज आले. एकात अनियमितता दिसताच ईसीजी घ्यायला सांगणारे मनगटी उपकरण होते, दुसऱ्यात नाडीची गती हालचालीशी ताडून पाहिली होती. या दोहोंचा मेळ त्या विषयातील सामान्य जाणकाराला सहज सुचला असता, असे म्हणून मंडळाने अलाइव्हकोरच्या तिन्ही पेटंटांचे दावे, म्हणजे शोधाच्या हक्काची कक्षा सांगणारी कलमे, रद्द ठरवले. आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने मात्र त्यांपैकी दोन पेटंटांचा भंग झाल्याचे मानून संबंधित अ‍ॅपल घड्याळांवर आयातबंदीचा आदेश दिला आणि अपिलांचा निकाल लागेपर्यंत तो स्थगित ठेवला. मार्च २०२५ मध्ये पेटंटची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने मंडळाचा निर्णय कायम केला.

आयोगापुढे पेटंट वैध धरूनच सुरुवात होते आणि ते पाडायला स्पष्ट, खात्रीलायक पुरावा लागतो. मंडळापुढे पारडे जरासे झुकले तरी पुरते. भारतात तर पेटंट कायद्याच्या कलम १३(४) नुसार पेटंट मिळाले म्हणजे ते वैध आहे, अशी हमीच नसते. भांडी बनवण्याच्या यंत्राविषयीच्या १९७८ च्या निकालात, जुन्या साधनांतली केवळ कारखान्यातली सुधारणा हा शोध नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते.

मला मंडळाचा निष्कर्ष पटतो, पण एक भीती उरते. उत्तर माहीत झाल्यावर प्रत्येक शोध सोपाच भासतो, आणि या क्षेत्रात तर सुटे भाग सगळेच जुने असतात. (बिनतारी ईसीजीही नवा नाही, १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी संशोधक नॉर्मन होल्टर यांनी पाठीवर सुमारे ३८ किलोचे यंत्र घेऊन तो रेडिओने पाठवून दाखवला होता.) म्हणून अर्जात ‘दोन संवेदक जोडले’ एवढेच लिहून भागत नाही. हात हलताच प्रकाशाचा संकेत बिघडतो, त्यातून खोटे इशारे येतात, आणि ते टाळण्याचे प्रचलित उपाय का अपुरे पडले, हे अर्ज दाखल करतानाच मोजमापांसह नोंदवावे, असा माझा आग्रह असतो. मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात मात्र त्याच्याही आधी कलम ३(आय) आडवे येते: निदानाच्या पद्धतीला भारतात पेटंट नाही, त्यामुळे दावा उपकरणाच्या रचनेवरच बेतावा लागतो.