सत्तावीस टक्के

मी मिरजेत अस्थिरोगतज्ज्ञ आहे. अपघातातील जखमींना अपंगत्वाचे प्रमाणपत्र देणे आणि पुढे त्याबद्दल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे साक्ष देणे हे आमच्या कामात येतेच. तरीही २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सांगलीच्या न्यायालयात दिलेली एक साक्ष मला विसरता आलेली नाही, कारण त्या दिवशी माझ्याच हातचे एक वाक्य माझ्या रुग्णाच्या विरोधात वापरले गेले.

अर्जदार तासगाव तालुक्यातला, द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्या टोळीतला मजूर. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, फळछाटणीचा हंगाम ऐन भरात असताना, तो आणि त्याचे दोन सोबती एका मोटारसायकलवरून पहाटे बागेकडे निघाले होते. मागून आलेल्या टेम्पोने धडक दिली आणि सर्वांत मागे बसलेल्या या माणसाच्या उजव्या दंडाचे हाड खांद्याच्या गोळ्याजवळ मोडून त्याचे तीन तुकडे झाले. प्लेट मीच बसवली. हाड जुळले, जखम भरली, पण पैशांअभावी फिजिओथेरपी दुसऱ्या महिन्यातच थांबली आणि खांदा आखडला तो आखडलाच. अपघाताच्या वेळी त्याचे वय ३४ वर्षे होते.

दीड वर्षाने तो प्रमाणपत्रासाठी आला तेव्हा मी केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सांध्याची हालचाल अंशांत मोजली, स्नायूंची ताकद पाहिली आणि 'उजव्या हातापुरते २७ टक्के कायमचे अपंगत्व' असे लिहून सही केली. वैद्यकीयदृष्ट्या त्यात चूक काहीच नव्हती. तो काय काम करतो हे मात्र मी त्याला विचारले नव्हते. केसपेपरवर 'मजूर' असे लिहिलेले होते आणि तेवढे मला पुरेसे वाटले होते.

साक्षीपूर्वी अर्जदाराच्या वकिलांनी टेम्पोच्या विमा कंपनीचा हिशेब मला कागदावर मांडून दाखवला. पगाराची चिठ्ठी नाही, टोळी एकराच्या उक्त्या दराने काम घेते, म्हणून उत्पन्न महिना ६,००० रुपये धरायचे. २७ टक्के हे फक्त हाताचे, म्हणून संपूर्ण शरीराचे त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ९ टक्के धरायचे. वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा, १६. सहा हजार गुणिले बारा, गुणिले सोळा, त्याचे ९ टक्के: १,०३,६८० रुपये. कंपनीने लोकअदालतीत दवाखान्याच्या बिलांसह २ लाखांत मिटवण्याची तयारी दाखवली होती आणि डोक्यावर उसनवारी असलेला हा माणूस जवळजवळ कबूलही झाला होता. लोकअदालतीत एकदा तडजोड झाली की तिच्याविरुद्ध अपील करता येत नाही, हे वकिलांनी समजावून सांगितल्यामुळे तो थांबला. तीन वर्षे कमाई नसलेल्या माणसाला थांबायला सांगणे किती अवघड असते, हे त्या वकिलांच्या चेहऱ्यावर दिसत होते. दाव्याला जितका उशीर होतो तितका गरजू माणूस कमी रकमेवर राजी होतो, आणि देणाऱ्याला हे पुरते ठाऊक असते.

उलटतपासणी शांतपणे सुरू झाली. उपचार मीच केले आहेत, म्हणून मी रुग्णाला झुकते माप देतो, असे सुचवण्यात आले. (उपचार दुसऱ्याने केलेले असतील तेव्हा मला नेमके उलट विचारले जाते, की तुम्ही रुग्णाला एकदाच पाहून टक्के कसे ठरवले?) मग मोटारसायकलवर तिघे होते आणि अर्जदाराच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, यावर प्रश्न आले, म्हणजे दुखापतीचा काही वाटा त्याच्याच निष्काळजीपणाकडे जावा. डोक्याला इजा नव्हती आणि हेल्मेटने खांदा वाचत नाही, एवढेच मी सांगू शकत होतो. केवळ तिघे बसले होते म्हणून जखमीच्या माथी दोष मारता येत नाही, त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे, हे मला नंतर कळले.

त्यानंतर एक फोटो माझ्यासमोर ठेवण्यात आला. कंपनीच्या तपासनीसाने बागेत जाऊन तो काढला होता. त्यात अर्जदार द्राक्षवेलींच्या मांडवाखाली कात्री घेऊन उभा होता. "डॉक्टर, हा माणूस छाटणी करतो आहे, हे खरे आहे ना?" मी फोटो खिडकीकडे नेऊन नीट पाहिला. वर तारेला धरलेला हात डावा होता. कात्री उजव्या हातात होती, पण कोपर बरगडीला टेकलेले होते आणि कात्री कमरेच्या उंचीवर, खोडालगतच्या फुटव्यांशी होती. मी तसे सांगितले. कंपनीच्या वकिलांनी फोटो परत घेतला आणि शेवटचा प्रश्न विचारला: "तुमच्या प्रमाणपत्रात अर्जदार त्याचे काम करू शकत नाही, असे कुठे लिहिले आहे?"

कुठेही लिहिलेले नव्हते आणि मी तसे कबूल केले.

फेरतपासणी संपल्यावर न्यायाधीशांनी स्वतः विचारले, की द्राक्षाची छाटणी करताना हात किती वर न्यावा लागतो आणि या माणसाला तो नेता येईल का. पहिल्या भागाचे उत्तर मला देता येईना. मिरजेत इतकी वर्षे राहून, तासगावची द्राक्षे दरवर्षी खाऊन, छाटणी कशी करतात हे मी कधी लक्षपूर्वक पाहिले नव्हते. न्यायालयाच्या परवानगीने अर्जदाराला पुढे बोलावले. तो म्हणाला, "कात्री धरता येती साहेब, पण काडी डोक्याच्या वर असती. दिवसभर दोन्ही हात वर लागत्यात." त्याने उजवा हात उचलला. तो खांद्याच्या रेषेपर्यंतही पोचला नाही आणि धड तिरपे होऊ लागले. मी सर्वांसमोर कोन मोजला: ७० अंश. डोक्यावरच्या मांडवात कात्री चालवण्यासाठी याच्या दुपटीच्या आसपास हालचाल लागते, असे मी शपथेवर सांगितले आणि ते नोंदवले गेले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात नेमके हेच स्पष्ट केले आहे. शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेला सुतार किंवा वाहनचालक जवळजवळ सगळी कमाई गमावू शकतो, तर सरकारी कारकुनाची नोकरी तशीच राहू शकते. तो निकाल मी त्या संध्याकाळी प्रथमच वाचला. अपंगत्व कोणत्या अवयवाचे आणि संपूर्ण शरीराचे किती, हे प्रमाणपत्रात स्पष्ट असावे, ही अपेक्षाही त्यात आहे. ती माझ्याकडून पूर्ण झालेली नव्हती आणि तेवढ्या फटीतूनच २७ चे ९ झाले होते.

निकाल पुढच्या वर्षी लागला. न्यायाधिकरणाने उत्पन्न १०,००० रुपये धरले, भविष्यातील वाढीचे ४० टक्के त्यात मिळवले आणि कमाईच्या क्षमतेतील घट ४० टक्के मानली. केवळ त्या एका शीर्षाखाली रक्कम १०,७५,२०० रुपये झाली. उपचारखर्च, वेदना आणि व्याज वेगळे. घट चाळीसपेक्षा बरीच जास्त आहे असे मला वाटत होते आणि आजही वाटते, कारण त्या माणसाला दुसरे कोणतेही काम शिकवलेले नव्हते. तो आता हंगामात पेट्या भरण्याचे काम करतो. तिथे बसून काम करता येते, पण हजेरी छाटणीच्या निम्मी मिळते.

आता प्रमाणपत्र लिहिण्यापूर्वी मी रुग्णाला त्याचे काम करून दाखवायला सांगतो. गवंडी थापी कशी मारतो, गवळी धार काढताना कसा बसतो, हमाल पाठीवर पोते कसे घेतो, हे पाहतो आणि त्यातले काय जमत नाही ते अंशांसह लिहितो. एका प्रमाणपत्राला अर्धा तास लागतो आणि बाहेर बसलेले रुग्ण कुरकुरतात.