परतीची लोकल आधी

आसनगावजवळच्या माहुली गडावर जायचं ठरलं की नवखा माणूस विचारतो, "सकाळची पहिली कसारा लोकल कितीला?" ठाण्यात नि नवी मुंबईत वर्षानुवर्षं नोकरी सांभाळून डोंगर करणारी जी माणसं आहेत, कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी तुर्भ्याच्या एमआयडीसीत पाळीवर, ती हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतात. त्यांचं आधी ठरतं ते आसनगावहून परत कुठली गाडी धरायची हे. तिथून मागे मागे येत सकाळ ठरते. सोमवारी नऊला ज्याला टेबलावर बसायचं आहे, त्याला दुसरी पद्धत परवडत नाही.

माहुलीचंच गणित मांडून बघू. समजा, आसनगावहून संध्याकाळी ५ च्या सुमाराची लोकल धरायची आहे. स्टेशन ते माहुली गाव साधारण ५ किलोमीटर. जाताना रिक्षा मिळते, येताना मिळेलच असं नाही, म्हणून हा टप्पा चालतच धरायचा: एक तास. म्हणजे ४ ला गावात. उतरायला अडीच तास, म्हणजे दीडला माथा सोडायला हवा. कुणाचा तरी गुडघा कुरकुरणार, कुणाची तरी पिशवी वर राहणार, म्हणून अर्धा तास उशी. एक वाजला. माथा ऐसपैस आहे, महादरवाजा, टाकं, कातळातल्या खोल्या बघायला दीड तास. म्हणजे साडेअकराला वर. चढायला तीन तास, वर थांबे अर्धा तास. म्हणजे ८ ला पायथ्याहून पाऊल उचलायचं. ठाणे ते आसनगाव लोकलने सव्वा तासाच्या आसपास, मग रिक्षा, चहा. झालं, ठाण्याहून सहाच्या आगेमागे निघायचं. सकाळची गाडी अशी उत्तरादाखल येते.

यातली एक वाजताची वेळ सगळ्यांना आधीच सांगून ठेवायची. एक वाजता जो जिथे असेल तिथून मागे फिरायचं, मग महादरवाजा वीस मिनिटांवर का असेना. "आलोच आहोत तर" हे वाक्य डोंगरात फार महाग पडतं, कारण अंधारात उतरताना त्याच वाटेला दुप्पट वेळ लागतो आणि सुटे दगड दिसत नाहीत.

चढायला तीन तास हा आकडा कुठून आणला? नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो आजही चालतो. सपाटीच्या ५ किलोमीटरला एक तास, आणि शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. माहुलीची वाट चारेक किलोमीटर, चढ ७०० मीटरच्या घरात. हिशोब दोन तासांचा येतो. पण हा हिशोब स्कॉटलंडच्या हवेतला. आपल्याकडच्या दमट हवेत त्याला दीडने गुणायचं, ऑक्टोबरच्या उन्हात पावणेदोनने. दोन-तीन डोंगर झाले की आपल्या गटाचा स्वतःचा गुणक कळतो; तो वहीत लिहून ठेवावा. गटाचा वेग म्हणजे सगळ्यात मागच्या माणसाचा वेग. पुढच्याने कितीही उड्या मारल्या तरी गणितात त्याला किंमत नाही.

दोन गोष्टी हे गणित हमखास बिघडवतात. एक, रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास लोकल बंद किंवा वळवलेल्या. कुठल्या मार्गावर, कुठून कुठपर्यंत, किती वाजता, हे आदल्या एक-दोन दिवसांत जाहीर होतं. ते शनिवारी रात्री बघायचंच. पनवेलकडून कर्नाळा किंवा प्रबळगड करणाऱ्यांनी हार्बर आणि ट्रान्स-हार्बर दोन्हीचं बघावं, कारण ठाण्याला परतायची वाट तीच. दुसरी गोष्ट गर्दी. रविवारी प्रबळगडाशेजारच्या कलावंतीण सुळक्याच्या कोरीव पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद जागेत समोरासमोर येतात, आणि एकेकाला वाट देण्यात तास निघून जातो. पाळीत काम करणाऱ्यांची सुट्टी मंगळवार-बुधवारी येते म्हणून लोक हळहळतात. डोंगराच्या हिशोबात ती लॉटरी आहे. फक्त रात्रपाळी संपवून तसंच स्टेशन गाठू नये. चढताना काही होत नाही, उतरताना झोपेने पाय चुकतो.

निघण्याआधी घरात फ्रिजवर एक चिठ्ठी लावायची. गडाचं नाव, पायथ्याचं गाव, कुठल्या वाटेने चढून कुठल्या वाटेने उतरणार, सोबत कोण, परतीची गाडी, आणि शेवटची ओळ: "रात्री ९ पर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवा." वेळ लिहिली नाही तर घरचे साडेसातलाच कासावीस होतात, नाहीतर 'नेटवर्क नसेल' म्हणत मध्यरात्रीपर्यंत वाट बघतात. दोन्ही वाईट. फोन दिवसभर एअरप्लेन मोडवर ठेवला की बॅटरी टिकते. दरीत रेंज शोधत राहणारा फोन दुपारपर्यंत मरतो. फोन करायचाच असेल तर ओढ्यात उतरण्याआधी डोंगराच्या सोंडेवरून करावा.

आता बुटांबद्दल, कारण सगळ्यात जास्त दिवस वाया जातात ते यांच्यापायी. चांगले, महागाचे, फारसे न वापरलेले बूट माळ्यावरून निघतात आणि पहिल्याच तासात त्यांचा तळ सोललेल्या केळ्यासारखा उघडतो. दोष शिलाईचा नसतो. पुष्कळ बुटांच्या तळात मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि तो हवेतल्या ओलाव्याने आतून कुजत जातो. ठाण्याचा पावसाळा, बंद कपाट आणि वरून प्लास्टिकची पिशवी, म्हणजे त्याला आयतीच भट्टी. वापरातला बूट उलट जास्त टिकतो. म्हणून बूट उघड्या, हवेशीर जागी ठेवायचे, आणि निघण्याच्या चार दिवस आधी हातात घेऊन चवडा पूर्ण वाकवायचा. तळाच्या कडेला भेगा दिसल्या, अंगठ्याने दाबल्यावर भुगा आला, तर ते बूट फक्त भाजी आणायला. पाण्याच्या बाटलीला रुंद चिकटपट्टी दोनेक मीटर गुंडाळून ठेवली की सुटलेला तळ गावापर्यंत येतो. पट्टी तळव्याच्या मधोमध, खोलगट भागातून फिरवायची. चवड्याखालून फिरवली तर दहा मिनिटांत घासून जाते आणि वर पाय घसरतो तो वेगळाच.

ओल्या कातळावर जाड, टणक तळाचा बूट उपयोगाचा नाही. मऊ रबराचा साधा बूट जास्त धरतो. शेवाळावर मात्र काहीच धरत नाही, हे मान्य करून टाकावं. काळपट हिरवा, चकाकणारा दगड टाळायचा, खरखरीत दिसणारा निवडायचा, आणि उतारावर टाच आधी न टेकता पाऊल पूर्ण सपाट टाकायचं.

पाणी माणशी ३ लिटर, पावसाळ्यात २. ओआरएसच्या पुडीवर किती पाण्यासाठी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचावं: मोठी पुडी १ लिटरची, छोटी २०० मिलिलिटरची. मोठी पुडी अर्ध्या बाटलीत ढवळून 'स्ट्राँग' प्यायल्याने तहान भागत नाही, पोट ढवळतं. पुडी नसेल तर १ लिटर पाण्याला ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. टाक्यातलं पाणी भरायचं तर घरी उकळायची सोय नसते, म्हणून क्लोरीनच्या गोळ्या बाळगाव्यात आणि पाकिटावर लिहिला असेल तितका वेळ थांबावं. जेवण शक्यतो गावातच सांगून ठेवावं. आदल्या संध्याकाळी गावात जेवण करून देणाऱ्या मामांना फोन करून "आठ जण, पिठलं-भाकरी, साडेतीनला" एवढं स्पष्ट सांगावं, आणि आठाचे सहा झाले तरी पैसे आठांचे द्यावेत. पुढच्या वेळी वाट चुकलात तर शोधायला तेच मामा येतात.

साप डोक्यात ठेवून लोक चालतात, पण कड्याखाली जास्त धोका आग्यामोहोळाचा. अत्तर, डिओ, धूर आणि दगड मारणारी पोरं ही चार कारणं. पोळ्याखालून जाताना बोलणं बंद, फोटोचा फ्लॅश बंद. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नये. तोंड-मान कापडाने झाकून आल्या वाटेने, पण पायाखाली बघत, लांब निघून जावं. काटा नखाने खरवडून काढायचा. साप चावलाच तर वर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही नको. अंगठी-घड्याळ काढायचं, हात किंवा पाय काठीला बांधून न हलता ठेवायचा, आणि उचलून, थेट सरकारी रुग्णालय.

डोंगराला लोकलचं वेळापत्रक, तसं खाडीला भरतीचं. ठाण्याची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ. फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, नोव्हेंबरच्या सुमारास येऊ लागतात आणि मे पर्यंत असतात. ऐरोलीला किंवा नेरूळला सकाळी सकाळी उत्साहाने जाऊन रिकामा चिखल बघून परतणारे खूप. सकाळ-संध्याकाळ इथे दुय्यम आहे, पाणी कुठे आहे ते बघायचं. ओहोटीला पक्षी दूरवर, उघड्या गाळावर पसरून खात असतात आणि काठावरून गुलाबी रेघ तेवढी दिसते. पाणी चढू लागलं की ते काठाकडे ढकलले जातात. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास सगळ्यात चांगले. गाळ पाण्याखाली गेला की त्यातले पुष्कळ उडून सीवूड्स-नेरूळच्या पाणथळींवर, टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे किंवा दिल्ली पब्लिक स्कूलजवळच्या डीपीएस तलावात, जाऊन उभे राहतात.

भरतीची वेळ काढायला अ‍ॅप आहेत, पण आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा भिंतीवरच्या कालनिर्णयावरून निघतो: तिथीचा पाऊणपट. पंचमीला पाच गुणिले पाऊण, पावणेचार. म्हणजे पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास, आणि काठावर पावणेदोनला पोचायचं. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला हिशोब सव्वाअकराचा येतो, प्रत्यक्षात दुपारी बाराच्या आसपास. रोज भरती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, हेच त्यात दडलं आहे. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा. खाडीत आत पाणी चढायला त्याहून थोडा वेळ लागतो, म्हणून अर्धा तास सांभाळून घ्यावा. आणखी एक: पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला गाळ पूर्ण बुडतो, पण अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला बराच गाळ उघडा राहतो, आणि मग पक्ष्यांना पाणथळीवर जायची गरजच पडत नाही. अशा दिवशी नेरूळला जाऊन बसू नये. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट निघते तीही भरतीच्या वेळेनुसार, त्यामुळे आरक्षण करताना वेळ आपल्याला सोयीची नसते, खाडीला असते. दुर्बीण ८ बाय ४२ (८ पटीची, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे. १० पटीची हलत्या बोटीत नुसती थरथरते. आणि काही झालं तरी तिवरांपलीकडच्या गाळावर पाय ठेवायचा नाही, गुडघ्यापर्यंत गेलेला पाय एकट्याने निघत नाही.

बाकी वर्षाची वाटणी थोडक्यात सांगता येते. जून ते ऑगस्ट घराजवळचं, येऊरचा डांबरी रस्ता, तोही वनखात्याच्या नाक्यावर विचारून आणि उजाडल्यावर, कारण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि बिबटे तिथे राहतात. धबधब्यांवर दरवर्षी मनाईचे आदेश निघतात. खारघरच्या पांडवकड्याला पोलीस उभे असतात ते उगाच नाही, वर डोंगरात पडलेला पाऊस खाली ऊन असताना येऊन धडकतो. सप्टेंबरात तेरडा, सोनकी. कारवी दर ८ वर्षांनी. येऊरच्या बाजूला २०१६ ला आणि २०२४ ला फुलली, आता २०३२. डिसेंबर-जानेवारीत लांबचे गड.

आणि मधले पाच दिवस? घोडबंदर रोडच्या टॉवरांचा एवढा एक उपयोग आहे. मजला सुमारे ३ मीटरचा, २० मजले म्हणजे ६० मीटर, दहा फेऱ्या म्हणजे नेस्मिथचा एक तास. पहिले तीन आठवडे पायऱ्यांनी चढून लिफ्टने उतरायचं, पाठीवर ५ किलो. मग उतरणंही पायऱ्यांनी, कारण माहुली उतरताना ज्या मांड्या थरथरतात त्या चढून तयार होत नाहीत, उतरूनच होतात. पाण्याच्या बाटल्या वजनाला चांगल्या, गुडघा बोलला तर वरच ओतून हलकं होता येतं. वॉचमनला आधी कल्पना द्यावी. रात्री दहाला सॅक घेऊन जिन्यात दिसणाऱ्या माणसाबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर काय येईल सांगता येत नाही.

रविवारी रात्री कितीही दमलात तरी बुटांची आतली गादी काढायची, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने ते बदलायचे आणि झोपण्याआधी पुन्हा एकदा. पंख्याखाली ठेवायचे, उन्हात किंवा गीझरच्या पाइपाजवळ नाही, तिथे डिंक सुटतो.