८८.६

सोमवार, सकाळ

८८.६.

उतरले, काटा पायाने सरकवून शेजारच्या फरशीवर घेतला, पुन्हा चढले. ८८.७. परत मूळ जागी. ८८.६. वजन इथेच अडकून आज छत्तिसावा दिवस. मधे दोनदा ८८.२ दिसलं, एकदा ८९.१, आणि फिरून फिरून भोपळे चौकात.

"किती?" असं विचारायचं नवऱ्याने सोडून दिलंय. पहिले चार महिने मी काट्यावरून उतरायच्या आत विचारायचा. आता माझा चेहरा बघतो आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागतो.

मंगळवार, रात्र

झोप नाही, म्हणून वही.

जठराचा पाऊण हिस्सा, खरं तर त्याहून थोडा जास्तच, काढून टाकलेली बाई वजन उतरत नाही म्हणून रात्री दीडला जागी आहे. ऑपरेशनआधी कुणी असं सांगितलं असतं तर मी हसले असते. तेव्हा माझी समजूत अशी की पोटच लहान केलं की प्रश्न मिटला. खाता येणार नाही, तेव्हा वजन उतरत राहणार, मी म्हणेन तिथपर्यंत. सर्जनने असं काही कबूल केलं नव्हतं. हे गणित माझंच.

पहिल्यांदा अडकलं ते तिसऱ्या आठवड्यात. घाबरून फोन केला तर पलीकडून, "तिसरा आठवडा ना? बऱ्याच जणांचं होतं." शरीराला खायला मिळेनासं झालं की ते आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरतं. त्याच्या एका ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. ते सगळं निघून जातं म्हणून सुरुवातीला भराभर किलो उतरतात. पुढे थोडं खाणं सुरू झालं की साठा पुन्हा भरतो, पाणी परत येतं, आणि आत चरबी जळत असली तरी काटा जागचा हलत नाही. माझा बारा दिवसांनी हलला. एका रात्रीत सव्वा किलो! त्या सकाळी मी नवऱ्याला हलवून उठवलं होतं.

हे तसं नाही. आठवा महिना चालू आहे. ११८ वरून निघाले, २९.४ किलो गेले, आणि जे गेले त्यांनीच हिशोब बदलला. बसल्या जागी शरीर किती जाळतं याचं एक नेहमीचं सूत्र आहे, त्यात दर किलोमागे दिवसाला १० कॅलरी धरतात. म्हणजे मी नुसती बसून राहिले तरी आता रोज जवळजवळ ३०० कॅलरी कमी जळतात. वर शरीर आपणहून काटकसर करतं ती वेगळीच. चरबी घटली की तिच्यातून निघणारं लेप्टिन नावाचं हॉर्मोन घटतं आणि मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. चालायला जाते तेव्हा पूर्वी ११८ किलो ओढत न्यायचे, आता ८८. रस्ता तेवढाच, कष्ट कमी. एवढ्यासाठीच तर ऑपरेशन करून घेतलं होतं, आता तेच आडवं येतंय.

पण झोप उडवणारा आकडा दुसराच आहे. २९.४ भागिले ११८. २५ टक्के. डॉक्टर असंच मोजतात, मूळ वजनाच्या किती टक्के गेलं ते. आणि स्लीव्हनंतर, म्हणजे माझ्या या ऑपरेशननंतर, साधारण २५ ते ३० टक्के जातं हे मला आधीच सांगितलं होतं. मी मान डोलावली होती, आणि मनात म्हटलं होतं की माझं चाळीस जाईल. बहुतेकांचं वजन वर्ष-दीड वर्ष उतरत राहतं, हेही त्याच दिवशी सांगितलं होतं. मग हा थांबा आहे की मुक्काम? खाली उतरून नुसते पाय मोकळे करायचे की सामान काढायचं?

बुधवार

८८.४. उगाच आनंद झाला, म्हणून स्वतःचाच राग आला.

गुरुवार

एक गोष्ट इथे लिहिली नव्हती. मागच्या आठवड्यात मी कुणाला न सांगता पुन्हा पातळ आहारावर गेले होते. ऑपरेशन झालेल्या लोकांत याला 'रीसेट' म्हणतात. काही दिवस नुसतं सूप आणि प्रोटीन शेक घ्यायचा, की म्हणे पोट पुन्हा पहिल्यासारखं आवळून येतं. पोट म्हणजे काय मोबाइल आहे? असलं काही होत नाही हे कळत होतं, तरी केलं. दोन दिवसांत ९०० ग्रॅम गेले. तिसऱ्या दिवशी जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरून पायरीवर बसले. चौथ्या दिवशी जेवायला लागले आणि पाचव्या दिवशी ९०० ग्रॅम परत हजर. गेलं तेही पाणी, आलं तेही पाणी.

त्या पायरीवर बसल्या बसल्या लक्षात आलं की ही जागा माझ्या ओळखीची आहे. गेल्या पंचवीस वर्षांतलं माझं प्रत्येक डाएट इथेच मोडलं. वजन वाढायला लागलं म्हणून एकदाही नाही, हलायचं थांबलं म्हणून. उतरत असताना मी कितीही उपाशी राहू शकायचे, रोज सकाळी काट्याची शाबासकी मिळाली की पुरे. ती बंद झाली की आठ-दहा दिवस स्वतःला आणखी छळायचं, आणि मग एका संध्याकाळी 'एवढं करून काही होत नसेल तर खड्ड्यात जाऊ दे' म्हणून दिसेल तो डबा उघडायचा. मग महिनाभर काट्याकडे बघायचंही नाही. या वेळीही छळण्यापर्यंतचा भाग अगदी तसाच पार पडला. डबा उघडायचा भाग मात्र या पोटात होऊच शकत नाही, असं मी धरून चालले होते.

शनिवार

डाएटिशियनकडे जाऊन आले. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असेल. चार दिवसांचं सगळं खाणं लिहून आणायला सांगितलं होतं. ती पेन्सिलीने एकेका ओळीखाली रेघ मारत गेली आणि शेजारी प्रोटीनचे आकडे मांडत गेली. मला वाटत होतं मी साठ ग्रॅमच्या वर आहे. बेरीज सत्तेचाळीस आली. मग पेन्सिल एका ओळीवर थांबली.

"ताई, हे रोज पाच वाजता 'कॉफी' लिहिलंय. नुसती?"

"नुसती."

ती काही बोलली नाही. मीही नाही.

"दोन बिस्किटं असतात," मी म्हणाले.

"कोरडी?"

"बुडवून."

"दोनच?"

चार. कधी पाच.

एका उकडलेल्या अंड्याला मला वीस मिनिटं लागतात. छोटा चमचा, बारीक घास, चावून चावून पिठूळ करायचं. पोट भरलं की माझं नाक गळायला लागतं. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना अशी काहीतरी खूण येते, कुणाला उचकी, कुणाला शिंक. अर्ध्या-पाऊण अंड्यात नाक गळतं म्हणजे गळतंच, आणि त्यानंतर एक घास जरी रेटला तरी छातीत दगड ठेवल्यासारखं होतं. त्याच पोटात कॉफीत भिजलेली पाच बिस्किटं जातात आणि नाक कोरडंच्या कोरडं. कारण ती तिथे थांबतच नाहीत. लगदा होऊन सरकतात, वरून कॉफी त्यांना पुढे ढकलते. खाताना आणि खाल्ल्यावर अर्धा तास काही प्यायचं नाही हा नियम मी जेवणाला काटेकोर पाळते, फोनला गजर लावून! कॉफीला तो लागू होतो हे सोयीस्करपणे डोक्यातच आलं नाही. म्हणजे डबा उघडलाच होता. एकदम नाही, रोज थोडा थोडा, संध्याकाळी पाच वाजता.

रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही. पातळ आहाराचं ऐकल्यावर मात्र पेन्सिल खाली ठेवली. "आणखी कमी खाणं आधी बंद करा," म्हणाली. असल्या उपासात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की शरीर आणखी कमी जाळतं. प्रोटीन साठच्या खाली येऊ द्यायचं नाही, जेवताना आधी तेच खायचं, बाकीचं जागा उरली तर. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत, म्हणून आठवड्यातून तीनदा रबरी पट्ट्यांचा व्यायाम. काटा आठवड्यातून एकदाच. बिस्किटं सोडली की वजन लगेच उतरेल का, विचारलं. "तसं मी म्हटलेलं नाही."

मग जे विचारायला गेले होते ते विचारलं. "थांबलंय की संपलंय?"

"दीड वर्ष झालं की सांगते."

त्यावर तिने रक्तदाबाच्या गोळीचं काढलं (चौथ्या महिन्यात बंद झाली), मग गुडघ्यांचं, मग झोपेत श्वास अडकायचा त्याचं. ती सांगत होती ते सगळं खरं आहे. दीड मजला चढून मी आता न थांबता बोलू शकते. पण आज मला ते ऐकायचं नव्हतं. 'किती मिळालंय ते बघा' हे वाक्य ज्याला हवं ते अजून मिळालेलं नसतं त्यालाच ऐकवतात.

रविवार

सकाळी काट्यावर गेले नाही. म्हणजे गेले होते, एक पाय ठेवला, आकडे चमकायच्या आत काढला.

काटा हलत नसेल तेव्हा टेप लावा, इंच कमी झालेले दिसतात, असं सगळे सांगतात. लावला. कंबर पाच आठवड्यांपूर्वी होती तेवढीच. श्वास आत ओढून पुन्हा मोजली, तेव्हा दीड सेंटीमीटर कमी भरली. तो आकडा मी मापांच्या वहीत लिहिलेला नाही, इथेच काय तो.

दुपारी एक नातेवाईक येऊन गेल्या. "ऑपरेशन म्हणजे सोपा मार्ग गं, आम्हाला बाई डाएट करावं लागतं." पूर्वी मी हे ऐकून घेऊन रात्री रडले असते. आज म्हटलं, "हो, सोपाच आहे," आणि त्यांच्यापुढची बिस्किटांची बशी त्यांच्याकडे आणखी सरकवली. पाच वाजायला आले होते. मी कॉफी केली, उभ्या उभ्या नुसती प्यायले. चांगली लागली नाही.

मंगळवारी सर्जनकडे फॉलो-अप आहे. आत गेलं की निम्मं विसरायला होतं, म्हणून प्रश्न आत्ताच लिहून ठेवते. थायरॉइड पुन्हा तपासायचं का. लोह आणि बी-१२चे रिपोर्ट कसे आले. केस गळायचे आता कमी झालेत, ते आपसूक की गोळ्यांमुळे. वजन इथेच राहिलं तर भूक कमी करणारी इंजेक्शनं नंतर देतात म्हणे, ती कुणाला आणि केव्हा. आणि ८८.६ ला माझं ऑपरेशन यशस्वी धरतात का. हा शेवटचा दोनदा खोडला, मग पुन्हा लिहिला.

अंड्याचा चतकोर बशीत राहिलाय. नाक गळायला लागलं म्हणून मघाशीच थांबले होते.

फोनचा गजर वाजतोय. अर्धा तास झाला, आता पाणी प्यायला हरकत नाही.