दहावं चित्र

बुधवार, रात्री उशिरा

आज एका चित्रकाराचा पोर्टफोलिओ चाळताना एका बगळ्यापाशी थांबले. पाय नुसते दोन रेघांचे, पण जिथे पाय वाकतो तिथे रेघ किंचित जाड झालेली, सगळं वजन तिथेच येऊन थांबल्यासारखी. असं एखादं चित्र हात बसलेल्या कुणाकडूनही निघतं, म्हणून पुढे पाहत राहिले. दहाव्या चित्रात एक मिटलेली छत्री होती. तिची मूठ वळते तिथे पुन्हा तीच रेघ! मग मात्र सावरून बसले आणि सगळी चित्रं पहिल्यापासून पाहिली.

मी चित्रकारांची एजंट. लायसन्सिंगला, म्हणजे चित्र वस्तूंवर छापायची परवानगी मोबदला घेऊन देण्याला, एक सुंदर चित्र पुरत नाही. कार्ड, वही, पडद्याचं कापड, कशावरही छापलं तरी एकच हात ओळखू यावा लागतो. खरेदीदार संच मागतो: एक मुख्य चित्र, त्याच्या जोडीला दोन-तीन पॅटर्न, म्हणजे तुकड्याला तुकडा जोडत नेता येणारी नक्षी, आणि काही सुटे घटक. म्हणून मी नेहमी दहाव्या चित्रापर्यंत जाते.

त्याचा पानांचा पॅटर्न घेऊन चार तुकडे शेजारी-शेजारी लावले. सांधे बरोबर जुळत होते, उजव्या कडेला कापलेलं पान डाव्या कडेला पूर्ण होत होतं. पण जरा लांबून पाहिलं की मधून एक पांढरा पट्टा तिरका धावताना दिसे. एका तुकड्यात तो कळतच नाही, मीटरभर कापडावर मात्र डोळा तिथेच जातो. मी त्याला कळवलं. तासाभरात दोन फांद्या हलवून नवी फाइल आली. असा ऐकून घेणारा चित्रकार भेटला की दिवस सार्थकी लागतो.

मग फोनवर बोललो आणि माझ्या पोटात गोळा आला. हाच बगळा तो एका कंपनीला देऊन टाकायला निघाला होता. मसुद्यात लिहिलेलं: सर्व हक्क, सर्व माध्यमे, जगभर, कायमस्वरूपी. मोबदला एकरकमी. “कार्डावरच तर छापणार आहेत ना,” तो म्हणाला.

मग कार्डापुरतंच द्या, मी म्हटलं. किती वर्षं, कुठल्या देशांत, कुठल्या वस्तूंवर, त्यांना एकट्यालाच की इतरांनाही, हे सगळं नीट लिहून घ्या. कॉपीराइट तुमच्याकडे ठेवा. बहुतेक देशांत चित्र काढल्या क्षणीच तो चित्रकाराचा होतो, नोंदणीची अट नसते. कॉपीराइटविषयीच्या 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या 1908 मधल्या दुरुस्तीनं हे तत्त्व पक्कं केलं. म्हणजे तो आधीपासून तुमचाच आहे, एका सहीनं घालवू नका.

इतक्या पोटतिडकीनं बोलले त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात एका चित्रकर्तीचा कार्डवाल्यांशी करार मी केला होता, एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे ती चित्रं फक्त त्यांनाच, तीन वर्षांचा. वस्तूंच्या रकान्यात मी ‘कागदी वस्तू’ लिहू दिलं. आमच्या दोघींच्या मनात कार्डंच होती. पुढच्या वर्षी वॉलपेपर करणाऱ्यांनी तीच चित्रं मागितली, आणि वॉलपेपर कागदाचाच. चित्रं अडकून पडली. कार्डवाल्यांनी त्यातली दोनच छापली. ती मला एका शब्दानंही बोलली नाही, पण तो रकाना मी आजही दोन-दोनदा वाचते.

माझ्या कमिशनचंही आजच सांगून टाकलं. लायसन्सिंगमध्ये काही एजंट अर्ध्यापर्यंत वाटा घेतात, आणि तो चित्रकाराच्या रकमेतूनच कापला जातो. ते पहिला चेक आल्यावर कळणं बरोबर नाही.

त्यानं सही थांबवली आहे. उद्या सकाळी कंपनीला लिहीन: फक्त शुभेच्छा कार्डं, दोन वर्षं, घाऊक विक्रीवर रॉयल्टी आणि त्यातली काही रक्कम आगाऊ. ते नाहीही म्हणतील, मग आत्ता मिळणारे पैसेही जातील. हे त्याला स्पष्ट सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला.

“चालेल,” म्हणाला. “तोवर बगळ्याची पिल्लं काढतो.”