यूव्ही कॉइल काढून टाकण्याआधी

"मॅडम, ब्रेकरच खराब आलाय, बसत नाही." पॅनेल टेस्टिंगला उभी असताना हे वाक्य कानावर आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: यूव्ही कॉइलला (अंडरव्होल्टेज कॉइल, म्हणजे व्होल्टेज गेलं की ब्रेकर पाडणारी) सप्लाय दिलाय का? मग समोरचा एकदा पॅनेलकडे बघतो, एकदा ड्रॉइंगकडे. नवा कोरा एमसीसीबी (मोल्डेड केस सर्किट ब्रेकर) असतो. हँडल वर नेलं की खटकन मधल्या जागी येऊन पडतं. खाली ओढून रीसेट केलं, परत वर नेलं, परत खट. ब्रेकरला काहीही झालेलं नसतं. त्याच्या पोटातल्या अंडरव्होल्टेज रिलीजला, म्हणजे याच यूव्ही कॉइलला, व्होल्टेज मिळत नाहीये, म्हणून ती ब्रेकरला बसू देत नाहीये, एवढंच. कॉइलच्या टर्मिनलवर (बऱ्याच मेकमध्ये डी१ आणि डी२) तिचं रेटेड व्होल्टेज द्या, रीसेट करा, तोच ब्रेकर मुकाट बसेल.

या एवढ्याशा ॲक्सेसरीवर लोकांचा फार राग असतो. माझ्या मते तो बराचसा चुकीच्या अपेक्षेतून येतो, म्हणून आज फक्त तिच्याबद्दल लिहिते.

आत असतं काय? एक कॉइल आणि तिचा चुंबक, एक स्प्रिंग, एक प्लंजर. कॉइलला व्होल्टेज आहे तोवर चुंबक प्लंजरला धरून ठेवतो. व्होल्टेज गेलं की पकड सुटते, दाबून ठेवलेली स्प्रिंग प्लंजरला पुढे ढकलते आणि तो ब्रेकरच्या ट्रिप बारवर, म्हणजे ब्रेकर पाडणाऱ्या दांडीवर, आपटतो. ब्रेकर पाडायची ताकद स्प्रिंगमध्ये आधीच भरलेली असते. वीज लागते ती ब्रेकर पडू न देण्यासाठी. शंट ट्रिप नावाच्या दुसऱ्या ॲक्सेसरीचा कारभार याच्या बरोबर उलटा. तिथे व्होल्टेज दिलं की ब्रेकर पडतो. त्यामुळे शंट ट्रिपची वायर कुठे तुटली असेल तर इमर्जन्सीचं बटण दाबूनही काही होत नाही, आणि ती तुटलीये हे बटण दाबायची वेळ येईपर्यंत कुणाला कळतही नाही. यूव्ही कॉइलची वायर तुटू दे, टर्मिनल ढिलं होऊ दे, कंट्रोलचा फ्यूज उडू दे, ब्रेकर तिथल्या तिथे पडतो. बोंबाबोंब होते, पण कळतं तरी. बऱ्याच एमसीसीबीमध्ये या दोघींना जागा एकच असते, एक बसवली की दुसरी बसत नाही. तेव्हा हा निर्णय ऑर्डर देतानाच घ्यावा लागतो, नंतर साइटवर भांडून उपयोग नसतो.

आता आकडे. आयईसी ६०९४७ या मानकाप्रमाणे अंडरव्होल्टेज रिलीजने रेटेड व्होल्टेजच्या ७० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी ब्रेकर पाडायचा. ३५ टक्क्यांच्या खाली ब्रेकर बसूच द्यायचा नाही. ८५ टक्के आणि त्यावर मात्र बसू दिलाच पाहिजे. २३० व्होल्टची कॉइल धरली तर हे आकडे होतात साधारण १६१, ८० आणि १९६ व्होल्ट. "दरम्यान कुठेतरी" हे शब्द परत वाचा. १६१ ला पडली तरी कॉइल पास, ९० ला पडली तरी पास.

मी टेस्ट करताना कॉइल व्हेरिॲकवर (नॉब फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) घेते. आधी पूर्ण २३०, ब्रेकर ऑन, मग नॉब अगदी सावकाश खाली. मानकातही व्होल्टेज हळूहळू उतरलं तरी रिलीज चालली पाहिजे अशी अट आहे, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. साध्या एसी चुंबकाची कॉइल असेल तर १७० च्या आसपासपर्यंत नुसती बारीक गुणगुण ऐकू येते. त्याखाली आवाज जाड होत जातो, प्लंजर थरथरायला लागतो, बोट टेकवलं तर बॉडीवर ती थरथर जाणवते. आणि मग अचानक ठाप्! एकाच मेकच्या, एकाच खोक्यातल्या दोन कॉइली शेजारी ठेवून बघितल्या आहेत. एक १३५ ला सोडते, दुसरी ११० पर्यंत धरून बसते. दोन्ही चांगल्या. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या कॉइली याहून शिस्तीत वागतात, पण तरीही ती कॉइलच.

माझं म्हणणं इथेच आहे. यूव्ही कॉइल व्होल्टेज मोजत नाही. लाइट गेली की तिला कळतं. लाइट कमी झाली तर कळेलच असं नाही.

"कमी व्होल्टेजमुळे मोटर जळू नये म्हणून यूव्ही कॉइल टाकली होती, तरी मोटर जळली" ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. हिशोब करून बघा. २३० च्या जागी फेजला १७५ व्होल्ट आहेत, म्हणजे ७६ टक्के. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे तो ५८ टक्क्यांवर आला. पुढचा लोड मात्र तेवढाच मागतोय. मोटर स्लिप वाढवते (म्हणजे वेगात मागे पडते), करंट वाढवते, वाइंडिंग तापत जातं. आणि कॉइल? १७५ व्होल्टला ती मजेत असते, तिच्या हिशोबाने सगळं ठीक चाललंय. ओव्हरलोड रिले वेळेत पडला तर मोटर वाचते, नाहीतर वास येतो.

सिंगल फेजिंगचं, म्हणजे तीनपैकी एक फेज जाण्याचंही तेच. कॉइल दोन फेजांच्या मध्ये जोडली असेल तर तिसरी फेज गेल्याचं तिला कळायचं कारणच नाही. शिवाय चालू मोटर त्या मेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज उभं करते, त्यामुळे टेस्टर लावणाराही फसतो. या कामाला वेगळा व्होल्टेज मॉनिटरिंग रिले किंवा फेज फेल्युअर रिले लागतो. ड्रॉइंगमध्ये ज्याच्यापुढे २७ आकडा लिहिलेला असतो तो अंडरव्होल्टेज रिले. त्याला सेटिंग असतं, टायमिंग असतं, आणि असमतोल ओळखणारा घेतला तर मोटरच्या त्या उसन्या व्होल्टेजलाही तो भुलत नाही. या रिलेचा कॉन्टॅक्ट यूव्ही कॉइलच्या सिरीजमध्ये घाला. मोजायचं काम रिलेचं, ब्रेकर पाडायचं कॉइलचं. ही जोडी मला मनापासून आवडते.

मग नुसती कॉइल कुठे हवी? जिथे वीज परत आल्यावर यंत्राने आपणहून सुरू होणं धोक्याचं आहे तिथे. करवतीचं पातं थांबलंय, लाइट गेली म्हणून माणूस अडकलेला तुकडा काढायला हात घालतो आणि तेवढ्यात लाइट येते. आयईसी ६०२०४-१ या यंत्रसुरक्षेच्या मानकात अशा आपोआप सुरू होण्याला अटकाव असावा हे स्पष्ट आहे. स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा स्विच) आणि स्टार्ट बटण सोडल्यावरही त्याला धरून ठेवणारा होल्डिंग कॉन्टॅक्ट असेल तर हे काम तो आधीच करतो. लाइट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि कुणीतरी स्टार्ट दाबेपर्यंत बसत नाही. पण मोटर थेट हाताने चालवायच्या ब्रेकरवर असेल, तर लाइट गेल्यावर ब्रेकर तसाच ऑन राहतो. तिथे यूव्ही कॉइलला पर्याय नाही. लांबवर असलेल्या इमर्जन्सी बटणांसाठीही मी हीच कॉइल मागते, कारण वर सांगितलंच आहे: वायर तुटली तरी परिणाम सुरक्षित बाजूलाच होतो.

आणि जिथे नको तिथे नको. आगीच्या पंपाच्या फीडरला यूव्ही कॉइल लावलेलं ड्रॉइंग माझ्यासमोर आलं तर मी सही करत नाही. तो पंप शेवटपर्यंत धडपडत राहिला पाहिजे, व्होल्टेज कमी म्हणून मध्येच हात वर करणारा पंप काय कामाचा?

आता रागाचं खरं कारण. शेजारच्या फीडरवर शॉर्ट होतो किंवा कुठेतरी मोठी मोटर थेट लाइनवर सुरू होते, आणि व्होल्टेज डोळ्याची पापणी लवावी तसं क्षणभर खाली जाऊन परत येतं. दिवे नुसते मिचकतात. पण बिनडिलेच्या कॉइलला तेवढं पुरतं. मेन इनकमर, म्हणजे पॅनेलला सप्लाय आणणारा मुख्य ब्रेकर, पडतो, सप्लाय व्यवस्थित असूनही सगळं अंधारात, आणि कुणीतरी पळत येऊन ब्रेकर चार्ज करून पुन्हा बसवायचा. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कॉइल काढून ड्रॉवरमध्ये जाते. किंवा त्याहून वाईट म्हणजे प्लंजरला केबल टाय बांधून तिथेच ठेवली जाते. बाहेरून बघणाऱ्याला कॉइल दिसते, पॅनेलच्या यादीतही असते, काम मात्र शून्य.

याचा उपाय म्हणजे टाइम डिले युनिट. यात कपॅसिटर असतो, तो व्होल्टेज गेल्यावरही कॉइलला थोडा वेळ पोसत राहतो. छोट्या ब्रेकरना ठरावीक २०० मिलिसेकंदांचे मिळतात, मोठ्या एसीबीसाठी (एअर सर्किट ब्रेकर) ०.५ ते ३ सेकंदांपर्यंत सेट होणारे. तुलनेला एक आकडा देते. चिप बनवणाऱ्या यंत्रांसाठी सेमी एफ४७ नावाचं मानक आहे. त्यात व्होल्टेज निम्म्यावर आलं तरी यंत्राने २०० मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा आहे. एवढं नाजूक यंत्र तेवढं सोसतं, आणि आपला इनकमर त्याआधीच पडतो! अर्थात डिले लावला म्हणून खालचे कॉन्टॅक्टर थांबत नाहीत, व्होल्टेज क्षणभर फार खाली गेलं की ते सुटणारच. पण इनकमर बसलेला असेल तर पुन्हा स्टार्ट दाबून काम सुरू होतं, सगळा पॅनेल रूमचा प्रवास वाचतो. करवतीच्या ब्रेकरला मात्र डिले लावू नका, तिथे लगेच पडलेलाच बरा.

डिले लावताना एक गोष्ट ड्रॉइंगमध्ये बोट ठेवून बघा: इमर्जन्सी बटण डिले युनिटच्या कोणत्या बाजूला आहे? युनिटच्या इनपुटला असेल तर बटण दाबल्यावर कपॅसिटर कॉइलला पोसत राहतो आणि ब्रेकर तीन सेकंद शांतपणे बसून राहतो. बटणाने कॉइलचा रस्ता थेट तुटला पाहिजे. अनेक युनिटना त्यासाठी वेगळी टर्मिनल दिलेली असतात. मेकचं वायरिंग डायग्रॅम बघूनच जोडा, अंदाजाने नाही.

वायरिंगमधल्या बाकीच्या गमती थोडक्यात. कॉइलचा सप्लाय ब्रेकरच्या आउटगोइंगवरून घेतला तर ब्रेकर कधीच बसणार नाही, कारण बसल्याशिवाय तिथे व्होल्टेज नाही आणि व्होल्टेजशिवाय तो बसत नाही. टॅपिंग नेहमी इनकमिंगवरून, आणि त्याला स्वतंत्र फ्यूज. फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडलेल्या कॉइलचं न्यूट्रल तुटलं, तर त्याच न्यूट्रलवरच्या इतर लोडमधून तिच्यावर जवळजवळ दोन फेजांमधलं व्होल्टेज येऊ शकतं आणि ती जळते. इमर्जन्सी बटण खूप लांब असेल तर केबलच्या कपॅसिटन्समधून येणारं चोरटं व्होल्टेज कॉइलला धरून ठेवतं; बटण उघडलं तरी ब्रेकर पडत नाही. अशा ठिकाणी मी कंट्रोल डीसीवर घ्यायला सांगते.

कॉइल कायम चालू असते, त्यामुळे हाताला कोमट लागते. ते नॉर्मल आहे. चटका बसला तर नॉर्मल नाही, आधी कॉइलवर छापलेलं व्होल्टेज आणि एसी की डीसी ते वाचा. गुणगुण एकाएकी वाढली असेल तर बहुधा चुंबकाच्या तोंडाशी धूळ गेलेली असते.

शटडाउनच्या यादीत मी एक ओळ घालायला लावते: ब्रेकर ऑन ठेवून कॉइलचा कंट्रोल फ्यूज काढा. ब्रेकर पडला तर फ्यूज परत घाला आणि पुढच्या पॅनेलकडे जा. नाही पडला तर कव्हर उघडा आणि केबल टाय शोधा.