सांगली ते न्यू जर्सी, आईचा विमानप्रवास आणि तासांचं गणित: माझा अनुभव

ताई न्यू जर्सीला असते, आईला तिच्याकडं एकटीलाच पाठवायचं ठरलं तेव्हा तिकिटाच्या पैशापेक्षा मला काळजी होती ती किती तास बसायचंय याची, कारण आईला शुगर आहे आणि गुडघेही दुखतात.

न्यू जर्सी न्यूयॉर्कला लागूनच, विमान न्यूयॉर्कलाच उतरणार होतं. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर बघितलं तर साधारण १२,५०० किमी येतं. विमान ताशी ९०० च्या आसपास जातं, म्हणजे १४ तास, असं जो तो भागाकार करून सांगत होता, पण तिकिटावर १६ तास होते. मग पुतण्याचा पृथ्वीगोल घेतला आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला. भिंतीवरच्या नकाशात वाटतं की अरबस्तान, आफ्रिका करत समुद्र ओलांडायचा, पण दोरा सरळ वर चढला, पाकिस्तानवरनं रशिया, स्वीडन, नॉर्वे, आइसलंड, मग ग्रीनलंडच्या टोकाजवळनं कॅनडात. आई म्हणाली, "एवढं वरनं कशाला नेत्यात रे?" तर तोच सगळ्यात जवळचा रस्ता, आणि ते १२,५०० त्या दोऱ्याचं माप. विमानाला काय तसं दोरा धरून जाता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली त्याचा वळसा, विमानालाच उडायच्या आधी धावपट्टीच्या रांगेत थांबायला लागतं तो वेळ, आणि वर उंचावर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जेट स्ट्रीम नावाचा जो जोराचा वारा वाहतो तो कधी ताशी २०० किमीच्या पण वर असतो, जाताना तो अंगावर येतो. येताना तोच मागनं ढकलतो म्हणून परतीचे साडेचौदा तासच.

आता तिकिटावरच्या वेळा. रात्री १ ला निघून सकाळी साडेसातला उतरणार, हे वाचून शेजारच्या काकू म्हणाल्या साडेसहा तासच की! आणि परतीचं न्यूयॉर्कहून सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबईत, म्हणजे त्यांच्या हिशोबानं पूर्ण २४ तास. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं, हिवाळ्यात साडेदहा, तेवढं जाताना मिळवायचं आणि येताना वजा करायचं, किंवा सरळ तिकिटावर ड्युरेशन लिहिलेलं असतं ते बघायचं.

हे सगळं कशासाठी तर गोळ्यांसाठी. मी तिकीट घेऊन आईच्या डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी किती तासांनी कुठली गोळी आणि त्याआधी काय खायचं ते कागदावर लिहून दिलं. आईचं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्या वेळेवरच ठेवलं, कागद पर्समध्ये, गोळ्या हँडबॅगेत, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घेतली, ती फुकट असते आणि इमिग्रेशनच्या रांगेत माणूस सोबत राहतो, एकट्या बाईला याचा केवढा आधार. सीट आइलची, म्हणजे मधल्या वाटेकडची घेतली, मधनं मधनं उठून चालायला.

आणि एक, सांगलीचे तास पण धरा. गाडीनं मुंबई आठेक तास, वर तीन-चार तास आधी पोचायचं, म्हणजे विमानात बसायच्या आधीच अर्धा दिवस गेला. म्हणून आम्ही आदल्या दिवशीच निघून दादरला मामांकडं मुक्काम केला, आईला दुपारी नीट झोप मिळाली. उतरल्यावर ताईनं शुगर तपासली, नॉर्मल होती.