आमची वाटचाल : एकेका यीस्ट पेशीच्या चित्रापर्यंत

कुपवाड एमआयडीसीतील दोन खोल्यांत आमची प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा आमच्याकडे एक सूक्ष्मदर्शक, पेशी मोजण्याची न्यूबावर काचपट्टी आणि मेथिलीन ब्लूची बाटली एवढेच साहित्य होते. सांगली परिसरातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून फर्मेंटरचे, म्हणजे यीस्ट ज्या टाकीत मळी आंबवून अल्कोहोल बनवते तिच्यातले, नमुने येत आणि त्यांतील यीस्टच्या जिवंत व मृत पेशी आम्ही नजरेनेच मोजत असू. मृत पेशी निळी दिसते आणि जिवंत पेशी तो रंग नाहीसा करते, एवढा साधा नियम. पण मळीच्या तपकिरी द्रवात फिकट निळा रंग हेरणे अवघड असते, आणि गळीत हंगामात दिवसाचा विसावा नमुना हाती येईपर्यंत डोळ्यांवर विसंबणे आम्हालाच धोक्याचे वाटू लागले.

पुढे साधी फ्लो सायटोमेट्री वापरून पाहिली. तिच्यात पेशी द्रवाच्या बारीक धारेतून एकामागोमाग लेसरसमोरून जातात आणि प्रत्येकीमागे विखुरलेल्या व चमकलेल्या प्रकाशाचे आकडे नोंदले जातात. मोजणी हजारोंवर गेली, तरी मनाची खात्री होईना. कारण यीस्टची पेशी साधारण पाच ते दहा मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, मळीतील क्षारांचे कणही त्याच मापाचे असू शकतात, आणि नुसता आकडा पाहून तो कशाचा आहे हे सांगता येत नाही.

इमेजिंग फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे आकड्यांसोबत प्रत्येक पेशीचे चित्रही टिपणाऱ्या पद्धतीने, ही अडचण सोडवली. वाहत्या पेशीचे चित्र खरे तर पुसट यायला हवे; पण या यंत्रातील कॅमेऱ्यात पडलेल्या प्रकाशाची नोंद पेशीच्याच वेगाने एका ओळीतून पुढच्या ओळीत सरकवली जाते, त्यामुळे चित्र रेखीव उमटते. साठपट भिंगाखाली त्यातील एक बिंदू सुमारे 0.3 मायक्रॉनचा असतो. प्रॉपिडियम आयोडाइड हा रंग पटल फाटलेल्या पेशीतच शिरून लाल चमकतो. त्यामुळे मृत पेशी आणि क्षाराचा खडा यांतला फरक चित्रातच दिसतो.

एवढे महागडे यंत्र घेण्याची आमची ऐपत नाही. पुण्यातील एका संस्थेत आम्ही त्याचे तास भाड्याने घेतो आणि नमुने रातराणीने बर्फाच्या पेटीत पाठवतो. पहिल्या खेपेला साखर न धुताच नमुने पाठवण्याची चूक आमच्याकडून झाली; वाटेत यीस्ट आंबतच राहिले आणि पेटी उघडली तेव्हा वायूच्या दाबाने चार नळ्यांची झाकणे उडालेली होती. तेव्हापासून पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून तळाशी बसवून, बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) दोनदा धुऊन आणि पूर्ण थंड करूनच आम्ही पेटी बांधतो.

चित्रांचे विश्लेषण मात्र कुपवाडलाच होते. आधी पुसट चित्रे वगळायची, मग क्षेत्रफळ आणि लांबी-रुंदीचे गुणोत्तर यांवरून एकट्या पेशी निवडायच्या. खरे कसब लागते ते कोंब फुटलेली पेशी आणि एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी ओळखताना, कारण गुणोत्तरात दोन्ही सारख्याच भासतात. कोंब म्हणजे वाढ. त्याची गणती चुकली तर यीस्ट जोमात आहे की मरगळले आहे, याचा निष्कर्षच उलटा निघतो. म्हणून मोजणीआधी नमुन्याला हलके अल्ट्रासॉनिक कंपन देतो. त्याने चिकटलेल्या पेशी बहुतांशी सुटतात, कोंब मात्र सुटत नाही. त्यानंतरही संशय राहिला, तर आमच्या दोन सहकारी स्वतंत्रपणे चित्रे पाहतात आणि त्यांचे एकमत झाल्याशिवाय तो आकडा अहवालात जात नाही.

आता प्रत्येक अहवालासोबत आम्ही निवडक पेशींची चित्रे जोडतो, आणि डिस्टिलरीतील केमिस्ट फोन करतात तेव्हा आकड्यांच्या आधी त्यांतल्याच एखाद्या पेशीविषयी विचारतात.